गेटवरच्या मालकाचा फोटो

माझे कान तयार आहेत, असं गावातले गाणारे-वाजवणारे म्हणतात. ते खरं आहे. तुमच्या तोंडाला कोरड पडली असेल तर मला माइकवर कळतं. खालच्या गल्लीतल्या शिलाई मशीनला तेल घातलेलं नसेल तर तेही कळतं. फक्त एक गोष्ट मला ऐकू येत नाही. समोरचा माणूस काय बोलतोय, ती. हे मला साठी ओलांडल्यावर समजलं, आणि ते कसं समजलं तेच आज लिहायला बसलोय. संपादक फोनवर म्हणाले होते, "दिवाळी अंक आहे, काहीतरी खुसखुशीत अनुभव द्या." सुरुवातीला देतो. पुढचं खुसखुशीत होईल याची हमी नाही.

शहागंजच्या मागच्या अंगाला, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचा, दिवे, गुबगुबीत खुर्च्या येतात. माझ्याकडे काच एक आहे. भिंतींना बायकोच्या माहेरच्या जुन्या गोधड्या ठोकल्या आहेत. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून काहीतरी मऊ लावावं लागतं, आणि गोधडीसारखं मऊ दुसरं काही मला परवडलं नाही. काचेच्या पलीकडे माणूस गातो, अलीकडे मी बसतो. तो जे गाईल त्यातली घाण काढायची, प्रत्येक वाद्याला त्याची जागा द्यायची, आणि सगळं मिळून एकजीव करायचं. याला मिक्स म्हणतात. माझा धंदा एवढाच.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची. एक उमेदवार प्रचारगीत करून घेऊन गेले. आठवड्यात परत आले, पक्ष बदलला होता. म्हणाले, "चाल राहू द्या, फक्त चिन्ह बदला." बदललं. तिथंही तिकीट कापलं गेलं, अपक्ष उभे राहिले आणि चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आधीचं चिन्ह दोन अक्षरांचं. त्या जागेत शिलाई मशीन कोंबताना कोरसवाल्या बायका हसून हसून खाली बसल्या. साहेब पडले, पण त्यांची चाल तिन्ही तंबूंत वाजली.

फुलंब्रीकडचा एक जण हरवलेल्या शेळीची रिक्षावर फिरवायची जाहिरात करायला आला होता. रंग, शिंगं, कानाला चीर, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आता मी तिला हाक मारतो, तीबी घ्या." आणि माइकसमोर असा काही ओरडला की आवाज मोजणारा काटा थेट लाल पट्टीत गेला. दोन गावं पलीकडे ती शेळी रिक्षामागे चालत आली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात परिणामकारक रेकॉर्डिंग तेच.

हे सगळं ऐकताना मी शब्दांकडे लक्ष देत नाही. आमच्या धंद्यात सगळ्यांचंच असं होतं. 'स' आला की तो शिट्टीसारखा टोचतो का, 'प' आला की हवेचा धक्का माइकला बसतो का, हे बघायचं असतं. भजन असो की साडीचा सेल, मला दोन्ही सारखंच. याचा मला अभिमानही होता. मी म्हणायचो, न्हाव्यानं डोक्यातले विचार बघू नयेत, केस बघावेत.

आता माझ्याकडच्या एका रिवाजाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाची कॅसेट माझ्याकडे झाली. मंडळाचे बुवा म्हणाले, पहिलं ऐकणं असंतसं करायचं नाही. त्यांनी नारळ आणला, टेपच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, आणि आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पुढे करून त्यांच्या हातानं बटण दाबायला लावलं. म्हातारबुवांना मुलाचा आवाज त्या पेटीतून ऐकू आला आणि त्यांनी पेटीलाच हात जोडले. मी त्याच वेळी फोटो काढला. तेव्हापासून माझ्याकडे काम पुरं झालं की नारळ फुटतो, घरातलं मोठं माणूस बटण दाबतं आणि त्याचा फोटो भिंतीवर लागतो. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तरी की-बोर्डच्या लांब पट्टीवर कुंकू लागतंच. ती पट्टी आता गुलाबी झाली आहे. आणखी एक नियम मी माझ्या मनानं घातला होता. त्या वेळी अल्बममधलं पहिलं गाणं लावायचं नाही, सगळ्यात चांगलं वाजतं ते लावायचं.

'चौथी पाळी' माझ्याकडे आली ती घरी रेकॉर्डिंग जमेना म्हणून. तीन जणांचा हिप हॉप ग्रुप. कारखान्यात तीन पाळ्या असतात, आमची चौथी, असं त्यांनी नावाचं स्पष्टीकरण दिलं. इम्रान शहागंजातलाच, शिंप्याच्या घरचा. लॅपटॉपवर तो ठेका बांधायचा, ज्याला ते बीट म्हणतात. रेणुका फुलंब्रीच्या बाजूची. तिच्या घरी मेंढरं होती, आता आई मजुरीला जाते आणि ही कॉलेजात. आणि विशाल चितेगावचा. लिहायचा जास्त तो, बोलायचा सगळ्यात कमी.

"आम्ही अंडरग्राउंड आहोत, काका," इम्रान म्हणाला.

"मग माडीवर कसे आलात?" मी म्हणालो.

"अब्बा की मशीन का आवाज आता है ना, चाचा. हर गाने में." मला तो कधी काका म्हणायचा, कधी चाचा.

खरं सांगायचं तर त्यांचं गाणं मला गाणं वाटायचं नाही. सूर नाही, आलाप नाही, नुसतं बोलणं. पण त्या बोलण्याला जो ठोका होता, तो पकडणं हे माझ्यासारख्याला आव्हान होतं. रॅपमध्ये तीच ओळ दोनदा म्हणून एकावर एक ठेवतात, म्हणजे आवाज जाड होतो. दोन्ही वेळा केसाचाही फरक चालत नाही. विशालचा कधी पडायचा नाही. जिल्ह्यातले नावाजलेले गळे माझ्याकडे येऊन गेलेत, पण इतकं नेमकं तोंड मी पाहिलं नव्हतं. मी त्या पोरांच्या प्रेमात पडलो. घरून डबा आणू लागलो. जुनी गिऱ्हाइकं थांबवून त्यांना वेळ दिला.

तीन नंबरचं एक गाणं होतं, 'गेटवरचा मालक'. ते म्हणताना विशालनं माइक उलटा फिरवून मागितला. त्याला काचेकडे पाठ करून, गोधडीकडे तोंड करून म्हणायचं होतं. दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, का रे बाबा? मी म्हणालो, "झकास. गोधडीकडून आवाज परत येत नाही." त्या गाण्यात 'प' फार. 'टोपी', 'सोपी', 'बाप'. प्रत्येक 'प' माइकवर फटाक्यासारखा फुटायचा. मी माइक तिरका केला, पुढची जाळी लांब केली, मग एकेक 'प' हातानं खाली आणला. अख्खी दुपार मी 'टोपी' या शब्दावर काढली. कुणाची टोपी, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

काम संपलं. ते गाणं असं वाजत होतं की मी एकटाच बसून पुन्हा पुन्हा लावायचो. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं स्वच्छ काही झालं नव्हतं.

मग मी पोरांना न सांगता त्यांच्या घरच्यांना बोलावलं. मला त्यांना चकित करायचं होतं. विशाल एकदा मोबाइल विसरला होता तेव्हा त्यानं माझ्या फोनवरून वडिलांना लावला होता, तो नंबर माझ्याकडे होता.

"आप्पा, मी स्टुडिओवाला सदाभाऊ. पोरांचा अल्बम झालाय. नारळ फोडायचाय. बटण तुमच्या हातानं दाबायचं."

"माझ्या हातानं?"

"घरातल्या मोठ्या माणसानंच दाबायचं असतं."

"येतो भाऊ. ड्युटीवरून डायरेक येतो. मंडळीलाबी बोलावतो. आमचं पोरगं काय करतंय ते काय सांगतच नाय बघा घरी."

त्या दुपारी आप्पा आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात कापडी पिशवी. विशालची आई चितेगावहून काळीपिवळी जीपनं वेगळी आली होती. रेणुकाची आई कौसाबाई दाराशीच चप्पल काढून बसली, किती सांगितलं तरी खुर्चीवर बसेना. इम्रानच्या अब्बांना दुकान सोडता आलं नाही, त्यांनी मिठाईचा डबा धाडला होता. मी आप्पांना माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं. ते गोधड्यांकडे, भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होते.

"ही सगळी बटणवाली माणसं व्हय?"

"सगळी. आता तुम्हीबी."

ते खुशीत हसले. मग कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "मी कंपनीत सुपरवायझर हाये. मोठी कंपनी हाये. आमच्याच वावरात झालीया ती."

"असं का!" मी म्हणालो आणि स्पीकरची वायर तपासायला लागलो.

तेवढ्यात पोरं आली. रेणुका आईला बघून हरखली, इम्रान अब्बांनी धाडलेला डबा बघून. विशाल दारातच थांबला. त्यानं माझी बाही धरून मला जिन्यात ओढलं आणि हळूच म्हणाला, "काका, दुसरं काय पण लावा. तीन नंबर नका लावू."

हे मी शंभर वेळा ऐकलेलं होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येक गाणाऱ्याला आपलं सगळ्यात चांगलं गाणंच खराब वाटतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तो मी भीतीचा धरला. भीती होतीच. पण ती कसली, हे मी त्याला तिथं जिन्यात विचारायला हवं होतं.

"अरे वेड्या, तेच तर सगळ्यात भारी झालंय," मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत गेलो.

नारळ फुटला. आप्पांनी पट्टीला कुंकू लावलं, डोक्यावर रुमाल ठेवला, पिशवी मांडीवर सावरली आणि बोट पट्टीवर टेकवून माझ्याकडे बघून हसले. मी फोटो काढला. मग त्यांनी बटण दाबलं.

घरून निघतो सुपरवायझर, पिशवीत निळी टोपी,
ज्याच्या वावरात कंपनी उभी, त्याची ड्युटी सोपी.
गाडी आली, दांडा वर. गाडी गेली, खाली,
एवढ्याच वरखालीत बापाची हयात गेली.

आधी मी 'प' ऐकले. सगळे जागेवर होते. मग माझी नजर आप्पांच्या हाताकडे गेली. त्या हातानं मांडीवरची पिशवी अलगद उचलली आणि खुर्चीखाली सरकवली. तेव्हा, त्या क्षणी, मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या ओळींत साहेबाच्या पोराला ठोकलेला सलाम होता. गावात बारशाला, लग्नाला गेल्यावर सांगितलेल्या थापा होत्या. गेटवर बापाला पहिल्यांदा बघून पोरगं कसं रस्त्यापलीकडे उभं राहिलं आणि हाक न मारता परत फिरलं, तेही होतं. विशालची आई नवऱ्याकडे बघत नव्हती. ती त्या पिशवीकडे बघत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. चितेगावात त्यांचं मानाचं घर. जमीन कंपनीत गेली, पैसा आला तसा गेला, आणि आप्पांनी घरी सांगितलं की कंपनीनं सुपरवायझर केलंय. रोज इस्त्रीच्या शर्टात निघायचे आणि गेटजवळच्या खोलीत वॉचमनची वर्दी चढवायचे. विशालला हे वर्षभरापूर्वी समजलं होतं. घरात बोलता येईना म्हणून त्यानं गाण्यात लिहिलं. बाप हे ऐकेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बापाला तिथं मी आणून बसवलं. तेही सगळ्यात चांगल्या खुर्चीत, स्पीकरच्या बरोबर मधोमध.

मी गाणं थांबवू शकत होतो. हात पट्टीपर्यंत नेलाही. पण ती पट्टी आप्पांच्या पुढ्यात होती आणि त्यांच्या अंगावरून हात नेऊन ती दाबायचं धाडस मला झालं नाही. गाणं पूर्ण वाजलं.

कौसाबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसली होती. मिठाईचा डबा कुणी उघडला नाही. आप्पा उठले, पिशवी उचलली, रुमाल घडी करून खिशात ठेवला. मुलाकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "आवाज लई स्वच्छ आलाय, भाऊ. सगळं समजलं."

असं कौतुक मला आजवर कुणी केलेलं नाही, आणि पुढं कुणी करू नये.

इथं थांबलो असतो तर माझी चूक नजरचुकीत जमा झाली असती. पण दोन दिवसांनी विशाल एकटा आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "काका, ते गाणं काढून टाका. घरी कुणी कुणाशी बोलत नाय. माय वेगळं जेवती. मी नाय सांगू शकत इम्रान-रेणुकाला, तुम्हीच सांगा की गाणं खराब झालंय म्हणून."

त्यात अवघड काही नव्हतं. माझ्या शब्दावर इम्रान आणि रेणुकानं मान डोलावली असती. मला फक्त एक खोटं बोलायचं होतं, की मिक्स बिघडलाय. आणि तेच मला जमेना. माझा मिक्स बिघडला असं मी कसं म्हणू? मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला, आणि मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "हे गाणं काढलंस तर अल्बमचा कणा गेला. अरे, आप्पा स्वतः म्हणाले ना, आवाज स्वच्छ आलाय म्हणून? त्यांना वाईट वाटलं असतं तर ते असं बोलले असते का?"

ते का तसं बोलले हे मला चांगलं ठाऊक होतं. पोराला मात्र ते खरं वाटलं, कारण त्याला खरं वाटून घ्यायचंच होतं. तो गेला. गाणं राहिलं. पोरानं बापाला वाचवण्यासाठी माझ्याकडे हात पसरला आणि मी माझे 'प' वाचवले.

अल्बम निघाला आणि खरोखरच गाजला. आधी पोरांच्या मोबाइलवर, मग इकडच्या कॉलेजांत, मग पुण्या-मुंबईकडे. शहरात एका लॉनवर कार्यक्रम झाला, तिथं 'गाडी आली' असं विशाल म्हणायचा आणि समोरची गर्दी 'दांडा वर' ओरडायची, हात वर करून. एका समीक्षकानं लिहिलं की मराठवाड्यातल्या छोट्या स्टुडिओतून असं ध्वनिमुद्रण व्हावं हे नवल आहे. ते कात्रण मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. मला शाल मिळाली. सत्काराला विशाल माझ्या पाया पडला तेव्हा मी वर बघत होतो, पंख्याकडे.

गाणं खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. एटीएमवरचा एक वॉचमन एकदा मला म्हणाला, "काका, ते गेटवालं गाणं तुमच्याकडंच झालं ना? आमचंच हाये ते. माझ्या पोराला पाठ हाये पूर्ण." आणि त्यानं हसत मला कडक सलाम ठोकला. त्याला ते गाणं मानाचं वाटत होतं. पण गाण्यातला माणूस म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. आप्पांना कंपनीसमोरचा सगळा पैठण रोड ओळखू लागला.

पोरं मोटारसायकलवर गेटपाशी यायची आणि म्हणायची, "आप्पा, एक सलाम मारा ना, रील बनवायचीय." आप्पा पाठ फिरवायचे तर ते पाठीची रील करायचे. येणारेजाणारे ड्रायव्हर "काय मालक" म्हणून हॉर्न द्यायचे. मग वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्यांना मागच्या गेटला टाकलं, जिथून फक्त राख आणि भंगार जातं. हे सगळं मला रेणुका येऊन सांगायची. विशाल यायचा बंद झाला होता. तो शहरात खोली करून राहत होता.

तशीच रील करणारी दोन-तीन पोरं माझ्याकडे स्टुडिओ बघायला आली. त्यातला एक भिंतीपुढे थांबला. "हे तेच ना? अरे बघ, पिशवीतून टोपी दिसतीय!" मी जवळ जाऊन पाहिलं. आप्पांचं बोट पट्टीवर, चेहऱ्यावर हसू, आणि मांडीवरच्या पिशवीतून निळ्या कापडाची एक कडा बाहेर आलेली. फोटो मीच काढला होता, चौकटीतही मीच घातला होता. मला ती कधी दिसली नव्हती. पोरानं फोटोचा फोटो काढला. मी त्यांना हाकललं, फोटो खाली उतरवला आणि टेबलाच्या खणात उपडा ठेवला. मनाशी म्हणालो, आप्पांसाठी एवढं तरी करता आलं. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं होतं.

मग एकदा रेणुका म्हणाली, "काका, तुम्हाला माहितीय का, विशालची आई आता ती टोपी स्वतः धुती. अंगणात वाळत घालती, रस्त्यावरनं दिसंल अशी. बाया काय म्हणाया लागल्या तर म्हणती, माझ्या मालकाची हाये, चोरीची नाय." विशालही एका सणाला घरी जाऊन आला होता. बापलेक फारसं बोलले नाहीत, पण एका ताटात जेवले, असं तिनं सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, चला, मिटलं.

गेल्या महिन्यात दुपारी जिन्यात पावलं वाजली. दारात आप्पा. मागे चितेगावच्या मंडळाची चार-पाच माणसं, एकाच्या गळ्यात मृदंग. आप्पांच्या डोक्यावर निळी टोपी होती. त्यांनी ती काढली नाही.

"भाऊ, आमच्या मंडळाला भजनं करून घ्यायचीत. म्हटलं, चला, मी दाखवतो जागा. आवाज लई स्वच्छ येतो इथं." मग मंडळीकडे वळून म्हणाले, "ते बघा, बटण दाबायचा मान असतो इथं. ज्यानं दाबलं त्याचा फोटो लागतो भिंतीला. माझाबी हाये."

आणि ते भिंतीजवळ जाऊन शोधू लागले. एक रांग, दुसरी रांग. मंडळी मागे उभी राहून तेवढ्याच उत्सुकतेनं बघत होती. गावात ज्याला दोन वर्षं सगळे मालक म्हणून चिडवत होते, त्या माणसानं वाटेत या लोकांना काय काय सांगितलं असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. आप्पांचं बोट फोटोंवरून फिरत फिरत एका रिकाम्या खिळ्यापाशी आलं. खिळ्याखाली भिंतीवर चौकटीच्या मापाचा पांढरा चौकोन उरला होता.

खण माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

आप्पांनीच मला सोडवलं. मंडळीला म्हणाले, "काच फुटली असंल. दुरुस्तीला दिला असंल भाऊंनी." मी मान हलवली. एवढंही खोटं मला त्यांच्याच तोंडून उसनं घ्यावं लागलं. मग मृदंगवाल्याला खोली दाखवली, टाळ कुठं बसतील ते ठरवलं, तारखेचं बोलणं झालं. चहा आला. आप्पांनी घेतला नाही.

मंडळी जिना उतरू लागली तसे ते चप्पल घालायच्या निमित्तानं मागे राहिले. मी म्हणालो, "आप्पा, लोक त्या फोटोवरून काही बोलायला लागले होते, म्हणून मी..."

"साहेब," ते म्हणाले. आजवर ते मला भाऊ म्हणत आले होते. "पोरानं लिहिलं, ते त्याचं होतं. त्याला लाज वाटली माझी, त्यानं ती गाऊन दाखवली. आता तो घरी येतो. घरची मंडळी टोपी धुती. पण ही भिंत तर तुमची होती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर माझ्या कानांनी पकडला असता. ते एकेक पायरी धरून खाली गेले.

मी खण उघडला आणि फोटो त्याच खिळ्याला लावला. पिशवी दिसते, निळी कडा दिसते. मंडळाचं रेकॉर्डिंग दिवाळीनंतर आहे. त्यांनी निरोप पाठवलाय की सगळे येतील, आप्पांना मात्र त्या दिवशी ड्युटी आहे.